टॉवर आतून

९ जानेवारी

कॅप्टन म्हणतात, धावपट्टी फार स्वच्छ आहे. "विमानतळ केलायस की ऑपरेशन थिएटर?"

बरोबर आहे. चाकं जिथे टेकतात तिथे रबराचे काळे पट्टे हवेत. विमानं उभी राहतात तिथे तेलाचे डाग हवेत. आज दुपारभर तेच केलं — स्वच्छ काँक्रीट मळवलं. ऑफिसात पुलांची मॉडेलं करते, तिथे एक रेघ जास्त दिसली तर साहेब बोलावून घेतात. इथे डाग नाहीत म्हणून बोलणी!

(कॅप्टन म्हणजे बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ. खऱ्या विमानात पायलटच्या जागी कधी बसलेले नाहीत. घरी कॉम्प्युटरवर रोज एक उड्डाण. काकूंनी जेवायला हाक मारली की विमान हवेतच थांबवून पानावर जातात. माझं काम तपासायला इतका खडूस माणूस दुसरा मिळणार नाही.)

कॅप्टन उडवतात त्या सिम्युलेटरमध्ये आमचा जुना विमानतळ म्हणजे एक राखाडी पट्टी आणि एक खोकं. जगातल्या कुठल्याही गावाला चालेल असं. मी खरा करतेय. पहिला प्रश्न — कुठल्या सालचा? मी दुसरीत होते ते साल धरलं. कॅप्टनना सांगितलं, त्या वर्षीचे फोटो सगळ्यात जास्त मिळाले. तेही खरं आहे. पण त्या वर्षी बाबांची निळी स्कूटर नवी होती.

११ जानेवारी

आईला म्हटलं, बघतेस का?

"नंतर. मान धरलीय."

मानेला नेमकं माझ्याच वेळेला धरायचं असतं!

१७ जानेवारी

जागेवर जाऊन आले. नवा विमानतळ सुरू झाल्यापासून जुना बंद आहे. टर्मिनलमध्ये आता फ्रिज आणि वॉशिंग मशीन रचून ठेवतात. जिथे सामानाचा वजनकाटा होता तिथे पहारेकऱ्याची खाट. धावपट्टीच्या भेगांतून गुडघाभर गवत. टॉवर अजून उभा आहे, पण पुढच्या महिन्यात पाडणार. तिथे घरं होणार आहेत.

पहारेकरी म्हणाला, "फोटो हवे तेवढे काढा, पण जिना चढू नका. पडलात तर माझी नोकरी जाईल. तुमचं काय जाणार?"

"पाय जाईल," म्हटलं.

हसला. तरी चढू दिलं नाहीच.

बाहेरून सगळ्या बाजूंनी फोटो घेतले. टॉवरच्या काचा वरच्या कडेला बाहेर झुकलेल्या आहेत, हिरवट. खालून बघितलं तर त्यांत जमीन दिसते, गवत दिसतं. आतलं काही दिसत नाही.

परत येताना कुंपणाच्या कोपऱ्यापर्यंत चालत गेले. जाळी कुणीतरी नेली. लोखंडी खुंट तेवढे राहिलेत. पाण्याची टाकी आहे.

१८ जानेवारी

कोपऱ्याचं लिहून टाकावं, म्हणजे डोक्यातून जाईल.

आई त्या टॉवरमध्ये कंट्रोलर होती. कुठल्या विमानाने कधी उतरायचं, कुणी थांबायचं, ते सांगणारी. बाबा छापखान्यात, सकाळपाळीला. दुपारी ते मला शाळेतून उचलायचे आणि स्कूटर थेट कुंपणाच्या कोपऱ्याला, टाकीच्या सावलीत. आईची ड्यूटी संपेपर्यंत आमचा मुक्काम तिथे. पुढचं विमान कुठल्या रंगाच्या शेपटीचं येणार यावर पैज लागायची. पैज शेंगदाण्यांची. बाबा हरले की शेंगदाणे माझे, जिंकले की "आता मला चावत नाहीत" म्हणून माझेच.

आणि रोज एकदा — "भिंगरे, हात हलव. आई बघतेय."

मी हलवायचे. दोन्ही हात, टाचा उंच करून. टॉवरमधून काही नाही. कधीच काही नाही.

"ती बघत नाहीये."

"बघतेय गं."

"मग हात का हलवत नाही?"

"कामात आहे ती. विमानं खाली आणायची म्हणजे काय चेष्टा आहे?"

बाकीच्या मुलींच्या आया शाळेच्या फाटकाशी उभ्या असायच्या. माझी आई विमानभर माणसं सुखरूप उतरवायची, आणि मी कुंपणाबाहेर कवायत केल्यासारखी हात हलवत उभी. तिसरीत गेल्यावर मी हलवणं सोडून दिलं. बाबा एकटेच हलवत राहिले.

बाबांना जाऊन तीन वर्षं होतील. मला बरं वाटावं म्हणून ते थाप मारायचे, असं मी धरून चालते. आईला कधी विचारलेलं नाही — तू बघायचीस का? विचारायचं आहे. पण आमच्या घरात असे प्रश्न विचारायची सवय नाही. इथे "जेवलीस का"च्या पुढे कुणी जात नाही. आधी सगळं जागच्या जागी ठेवू. तिला समोर बसवू. मग विचारू.

२३ जानेवारी

आईला फिजिओथेरपिस्टकडे नेलं. बाईंनी मानेवरून बोटं फिरवली आणि म्हणाल्या, "काकू, डाव्या बाजूचा नुसता दगड झालाय! वर्षानुवर्षं डावीकडे कलून बसायचात का? फोन खांद्यात धरून?"

आई म्हणाली, "माझ्या दोन्ही कानांवर हेडफोन असायचा."

"मग कशानं हो?"

"वयानं."

संपला विषय. आई बोलणंसुद्धा विमानासारखं उतरवते. एकदा चाकं टेकली की टेकली.

३१ जानेवारी

टाकीवरचा गंज जमला! उगाच खूश आहे.

स्कूटरही बनवली. ठेवली मात्र नाही. स्कूटर ठेवली की तिच्याशेजारी माणूस लागतो, आणि माणसं मी ठेवत नाही. कितीही कष्ट घ्या, दुकानातल्या पुतळ्यासारखी दिसतात.

४ फेब्रुवारी

पहिली आवृत्ती कॅप्टनना पाठवली. त्यांनी लगेच विमान उतरवून पाहिलं. फोन आला. "पोरी, मी नोकरीला लागलो तेव्हा इथूनच गेलो होतो गं. त्याच पायऱ्या. तीच मोडकी खुर्ची." मग घसा खाकरून — "ते उतरणीचा कोन दाखवणारे दिवे एका अंशाने चुकलेत. दुरुस्त कर."

संध्याकाळी मी स्वतः उतरवत होते. आई वाळलेले कपडे घेऊन मागून चालली होती. थांबली. विमान खाली येतंय, धावपट्टी मोठी होतेय, डावीकडे टॉवर, उजवीकडे टर्मिनल. सगळं जिथल्या तिथे.

"हे कुठलं गं?"

"कुठलं म्हणजे? तुझं!"

"माझं नाही बाई हे. हे मी कधी पाहिलेलंच नाही."

आणि कपडे घेऊन गेली.

सहा महिन्यांची मेहनत. राग आला. रागात दिवे दुरुस्त केले, ते मात्र नीट झाले.

५ फेब्रुवारी

ती बरोबर आहे.

सगळा विमानतळ मी पायलटच्या डोळ्यांनी केला. सिम्युलेटरवाले सगळेच तसं करतात. पण आई पायलट नव्हती. तिने तो आयुष्यभर एका खोलीतून पाहिला, एका खुर्चीवरून. आणि तीच खोली मी केलेली नाही! माझा टॉवर म्हणजे बाहेरून हिरवी काच चिकटवलेला डबा. आत कोण डोकावतंय म्हणून सोडून दिला होता.

६ फेब्रुवारी

"आई, टॉवर आतून कसा होता?"

"गोल."

"आई!"

"बरं, अष्टकोनी. इंजिनीअर बाईंना गोल चालत नाही."

ती भाजी चिरत होती. आधी एकेक शब्द. मग सुरी खाली ठेवली. ओटा म्हणजे तिचं टेबल. वाटी म्हणजे वाऱ्याचा वेग दाखवणारी तबकडी. "डावीकडे घे. अजून. अजून जरा. थांब, तिथेच." मला तिने ओट्याभोवती विमानासारखं फिरवलं. मिठाची बरणी म्हणजे लाल फोन, अपघातासाठीचा.

"कधी वाजला?"

"दोनदा. पहिल्यांदा तपासणीसाठी. दुसऱ्यांदा कुणीतरी विचारत होतं, केस कापायला आत्ता गर्दी आहे का."

तिचे मोठे साहेब होते. पाठीमागे सगळे त्यांना 'धुकं' म्हणायचे. ते आले की सगळी कामं ठप्प.

मी आईला इतकं हसताना बाबा गेल्यापासून पाहिलं नव्हतं. भाजी करपली. तशीच खाल्ली दोघींनी.

१५ फेब्रुवारी

खोली झाली. कॅमेरा, म्हणजे पडद्यावर बघणाऱ्याचा डोळा, आईच्या खुर्चीत ठेवला, तिच्या डोळ्यांच्या उंचीवर. तिला बोलावलं. मानेचं कारण सांगितलं नाही. आली.

"किती वाजलेत यात?"

"तू सांग."

"चार कर. दुपारचे."

चार केले. उजेड तिरपा झाला, टर्मिनलची सावली काँक्रीटवर सरकली. आई चष्मा पुसून बसली. मी विचारणारच होते. वाक्य जुळवूनही ठेवलं होतं.

तेवढ्यात तिची मान डावीकडे गेली. हळूच. मानेपाठोपाठ खांदा. समोर स्वच्छ काच, आडवं काही नाही, आणि ही बाई खुर्चीत वाकून कशाच्या तरी पलीकडे बघतेय!

"काय झालं? दुखतंय?"

दचकून सरळ झाली. "खांब कुठाय?"

"कुठला खांब?"

तू पहिलीत गेलीस त्या वर्षी, म्हणाली, छतावर मोठा अँटेना चढवला. छताला भार पेलेना, म्हणून आतून एक लोखंडी खांब दिला. नेमका तिच्या डोळ्यांपुढे. तिने तक्रार केली. धुकं म्हणाले, खुर्ची सरकवा. टेबल जमिनीत पक्कं केलेलं, खुर्ची सरकवून करणार काय?

बाहेरच्या फोटोंत तो दिसणं शक्यच नव्हतं. हिरवी काच.

"काय झाकायचा तो?"

"टॅक्सीवेचा तुकडा." म्हणजे विमानं धावपट्टीकडे जातात तो रस्ता.

"केवढा?"

"आता काय फूटपट्टी लावतेस? ऊठ, चहा टाक."

माझं जुळवलेलं वाक्य तसंच राहिलं.

१८ फेब्रुवारी

आईने कपाटातून एक फोटो काढून दिला. तिच्या निवृत्तीच्या दिवशीचा, टॉवरच्या आतला. हातात गुच्छ, चेहरा नेहमीचा. मागे खांब, खांबावर कॅलेंडर. त्यावरून खांबाची जागा पक्की केली.

तिने बसून पाहिलं. "हां. आता नीट दिसत नाही. आता बरोबर झालं."

कॅप्टनना आतली खोली पाठवली. म्हणाले, "खांब मधे येतोय. काढून टाक." म्हटलं, नाही.

२४ फेब्रुवारी

टॉवर पाडला. पहारेकऱ्याने व्हिडिओ पाठवला. आधी काचा उतरवल्या, मग एका बाजूने कोसळला. धूळ खाली बसेपर्यंत मी पाहिला.

आईने पाहायला नकार दिला. "कशाला? आपला आहे ना घरात."

आपला!

२६ फेब्रुवारी

दुपारी घरी कुणी नव्हतं. शेवटची तपासणी. आईची खुर्ची, आईची उंची, मान सरळ.

टॅक्सीवे दिसतो. टर्मिनलपासून धावपट्टीपर्यंत, अखंड. खांब त्याच्या आसपाससुद्धा येत नाही.

म्हणजे खांब चुकला. पुन्हा फोटो घेतला, पुन्हा खिडकीच्या चौकटींशी जुळवला. खांब बरोबर आहे. खुर्ची तपासली. तीही बरोबर. आईने नको म्हटलेली फूटपट्टी लावली. सगळं बरोबर.

शेवटी खांब काचेसारखा पारदर्शक करून पाहिला.

मागे पाण्याची टाकी आणि कुंपणाचा कोपरा. आणखी काही नाही.

खांब पुन्हा लोखंडाचा केला. कॅमेरा डावीकडे सरकवला — वीतभर. कोपरा खांबाआडून बाहेर आला. जाळी, टाकीची सावली, स्कूटर लावायची जागा.

मग कॅमेरा त्या कोपऱ्यात नेला, दुसरीतल्या मुलीच्या उंचीवर, आणि टॉवरकडे वळवला. काचेत गवत. आत कुणी वाकलंय की नाही, काही कळायला मार्ग नाही.

मशीन बंद केलं. जाऊन भांडी घासली. ती घासलेलीच होती.

२८ फेब्रुवारी

कोपऱ्यात निळी स्कूटर ठेवली. शेजारी दोन माणसं — एक मोठं, एक लहान. पुतळ्यासारखी दिसतात. दिसू देत.

आईला काही सांगितलं नाही. नुसतं म्हटलं, चार वाजलेत, बसतेस का?

बसली. मान डावीकडे गेली. तिथेच राहिली.

"आज लवकर आलात," म्हणाली.