काच काळी का होते

३ डिसेंबर, मंगळवार

पुन्हा काळी! काल सकाळी घासूनपुसून लख्ख केली होती शेगडीच्या दाराची काच. आज बघते तर तव्याचा तळ. दिवसभर चष्म्याच्या दुकानात लोकांच्या काचा पुसायच्या आणि घरी ही. माझ्या नशिबात काचाच लिहिल्यात.

हे म्हणतात, बाबाच करतात. मी दुकानात, हे कामावर — दिवसभर माझे सासरे एकटेच घरी, घर गरम ठेवायला शेगडीत लाकडं तेच घालतात. दाराखाली हवा कमी-जास्त करायची सरकती पट्टी आहे. "बाबा ती बंद करतात आणि उघडायची विसरतात. मग विस्तव घुसमटतो, काजळी धरते."

बाबांना विचारलं. "मी नाही," म्हणाले. एवढंच. आणि खिडकीकडे तोंड.

४ डिसेंबर

धाकट्या नणंदेचा फोन. लहानपणापासून घरात तिला सगळे हेडबाई म्हणतात, ते काही उगाच नाही. ह्यांनी तिला सगळं सांगितलंय! — काचेचं, पट्टीचं, मागे एकदा बाबा किल्ली दारालाच ठेवून फिरायला गेले त्याचंही. ह्या माणसाच्या पोटात काही म्हणजे काही राहत नाही.

"वहिनी, विस्तवाशी खेळ नको. रविवारी येते आणि बाबांना घेऊनच जाते. आमच्याकडे हीटर आहे, बटण दाबलं की झालं."

तिचं चुकतंय असंही नाही. जीव आहे तिचा बापावर. पण बाबांना तिच्याकडे करमत नाही. मागच्या खेपेला चार दिवसांत परत आले. का, तर म्हणे, "हीटरकडे किती वेळ बघत बसणार?"

आणि मला? इथे कोण वाचतंय, लिहूनच टाकते. मला ते इथेच हवेत. सासूबाई गेल्यापासून ह्या घरात माझ्याशी बोलणारं माणूस तेवढं एकच. हे बोलतात ते टीव्हीशी.

५ डिसेंबर

सकाळी नेहमीचा कार्यक्रम. शेगडी पुरती गार झालेली. मी बुटक्या स्टुलावर, समोर वाडग्यात चाळलेली राख. ओला वर्तमानपत्राचा कागद राखेत बुडवायचा आणि गोल गोल घासायचं. बाबा मागे खुर्चीत, हुकूम सोडायला. जन्मभर बसमध्ये कंडक्टरकी केली, ती अजून सुटत नाही. "कोपरा राहिला. पुढे सरका, पुढे सरका!"

आज त्यांनी एका झोपाळू प्रवाशाची गोष्ट सांगितली. रोज बसला की घोरायचा, आणि रोज त्याचा स्टॉप आला की बाबा त्याला हलवून उठवायचे. एकदा बाबांना रजा होती, तर तो डेपोपर्यंत जाऊन तिथेच झोपला! दुसऱ्या दिवशी येऊन बाबांवरच तणतणला, "रजा घ्यायच्या आधी सांगता येत नाही?" त्याच्या डब्याचा रंगसुद्धा सांगितला बाबांनी. निळा, झाकणाला पोचा.

ज्याला पोचा आठवतो त्याला पट्टी आठवत नाही? माझ्या मनाला हे पटत नाही.

६ डिसेंबर

काच घासताना खालच्या कोपऱ्यातून वर गेलेली बारीक रेघ दिसली. तडा! तडकलेल्या काचेची शेगडी पेटवता येत नाही. म्हणजे घर गार, म्हणजे बाबा हेडबाईंच्या हीटरपाशी. कोणी विचारायचंसुद्धा कारण नाही.

मग डोकं जागेवर आलं. दुकानात करते तेच केलं, रेघेवर आडवं नख फिरवलं. तडा असेल तर नख अडकतं. नाही अडकलं! पुन्हा फिरवलं. नाही! ओल्या राखेने घासली तर रेघ हळूहळू निघूनच गेली. धुराचा चिकट ओघळ होता वाळलेला. मी तिथेच फतकल मारून हसत बसले.

"घाम फुटला की काय?" बाबा म्हणाले. मग खुर्चीतून वाकून बघत — "हे बघ, काळं सगळं ह्या कोपऱ्यातच आहे. इथून वर पसरत गेलंय. पट्टी बंद राहिली असती तर काच सगळीकडून सारखीच काळी झाली असती."

खरंच की! इतके दिवस मी घासत होते, बघत नव्हते.

त्यांनी कागदाची एक पट्टी फाडली. दारात धरून दार लाव म्हणाले, आणि ओढ. वरच्या बाजूला कागद फाटला पण सुटला नाही. बिजागरीकडे तेच. खालच्या कोपऱ्यात सुळकन हातात आला. फट बुजवायला दाराच्या कडेने बसवलेली न जळणारी जाड दोरी तिथे पार चपटी झालीय, लाकडासारखी कडक. तिथून नको ती हवा आत शिरते आणि धूर काचेला चिकटतो.

बाबा नाहीत. दोरी! दोरी!! ह्यांना कामावर फोन करून सांगितलं. "बरं," म्हणाले.

७ डिसेंबर

दोरीचा जुना तुकडा दाखवून हार्डवेअरच्या दुकानातून तशीच नवी आणली. काचेभोवतीची पातळ दोरीही बदलायची ठरवली, म्हणून काच काढली, बसवली, चौकटीचे स्क्रू आवळले. हाताला सवय आहे. दिवसभर तेच तर करते.

शेगडी पेटवली. जरा तापली आणि — टक्!

बाबा खुर्चीतून ताडकन उठले. "लाकूड घालू नकोस! स्क्रू घट्ट आवळलेस?"

"हो, चांगले घट्ट."

"अगं, चष्मा आहे का तो? तापलं की लोखंड वाढतं, काच नाही वाढत. तिला जरा हलायला जागा नको? कोंडलीस तर तडकेल."

विस्तव आपोआप विझेपर्यंत थांबलो. मग सगळं गार होईपर्यंत. तिघंही स्वेटर-मफलर घालून, गाडी चुकल्यासारखे. हे पुटपुटले, "हीटर काही वाईट नाही." मी असं बघितलं की पुढचं वाक्य गिळलं त्यांनी.

मग काच काढून टॉर्चच्या उजेडात कडेकडेने नख फिरवलं. कुठेही अडकलं नाही. आवाज नुसता चौकटीचा होता! ह्या खेपेला स्क्रू हलक्या हाताने लावले, आणि शेगडी मुकाट पेटली.

"पण तुम्हाला हे कसं माहीत?" मी विचारलं.

"पहिली काच तुझ्या सासूबाईंनी फोडली. अश्शीच आवळून." आणि खुर्ची विस्तवाजवळ ओढून घेतली.

८ डिसेंबर, रविवार

हेडबाई आल्या. बरोबर मोठी रिकामी बॅग, बाबांच्या कपड्यांसाठी. ती बॅग मी दारातच भिंतीशी ढकलून ठेवली.

आधी तिने काचेवरून बोट फिरवून बोट बघितलं. स्वच्छ! मग बापाची परीक्षा. "बाबा, आज वार कोणता?"

"तू आलीस म्हणजे रविवारच असणार. एरवी कोण फिरकतंय?"

हे फिस्सकन हसले. मीही. हेडबाई हसता हसता रडायला लागली. मग बाबांनी तिला समोर बसवून कागदाची परीक्षा करायला लावली, चारही कोपऱ्यांत. कागद कुठेच सुटला नाही. "बस्स?" त्यांनी विचारलं. तिने नाक पुसलं. "ठीक आहे. पण रोज फोन करीन."

बॅग रिकामीच परत गेली. सुटले! आज मी गाणं म्हणत भांडी घासली. हे बघायला आले, काय झालं म्हणून.

१० डिसेंबर

काच स्वच्छ.

१२ डिसेंबर

स्वच्छ! घासायचं कामच उरलं नाही. सकाळचा केवढा वेळ वाचतो. दुकानात लवकर पोचले तर मालक घड्याळ बघायला लागले.

१४ डिसेंबर

काच आरशासारखी. बाबा आज अर्धंच जेवले. बरं नाही का विचारलं तर "कुठे काय" म्हणाले. चेहरा उतरलेला वाटला. थंडी असेल.

१६ डिसेंबर

निघता निघता बाबा म्हणाले, "त्या झोपाळूचं पुढे काय झालं, ते राहिलंच सांगायचं." संध्याकाळी सांगा म्हटलं. संध्याकाळी हेडबाईंचा फोन, मग पाहुणे. राहिलंच.

१७ डिसेंबर

काच काळी. ह्या कडेपासून त्या कडेपर्यंत, सगळीकडून सारखीच! खाली बघितलं, तर पट्टी पूर्ण बंद.

"बाबा, ही पट्टी—"

"मी नाही." आणि खिडकीकडे तोंड.

मग दिसलं. राख चाळून वाडग्यात भरून ठेवलेली. कागद फाडून, एकावर एक रचून ठेवलेले. माझं बुटकं स्टूल पुसून शेगडीसमोर, आणि त्याच्यामागे त्यांची खुर्ची.

विसरले कुठे! सगळं नीट आठवून, ठरवून केलंय म्हाताऱ्याने.

दुकानात फोन केला, आज उशीर होईल. उद्यापासून रोजच होईल.