विठूची बोटं

इब्रामपूर, पेडणे
४ नोव्हेंबर १९९०

ती. कमलाक्षीअक्का हीस,
देवकीचा शि. सा. न. वि. वि.

तुझा गुडघा कसा आहे? इकडे भात घरात आलं. यंदा रानडुकरांनी बरंच सोडलं, तेवढी त्यांची मेहरबानी.

पत्राचं खरं कारण घरातलं आहे. सुर्ल्याच्या खाणीवर सुरक्षेचा इन्स्पेक्टर येऊन गेला आणि सुरुंग लावणाऱ्यांची सर्टिफिकेटं बघून गेला. तेव्हापासून मॅनेजरने सांगितलंय की पन्नाशी उलटलेल्या प्रत्येक ब्लास्टरने डोळे आणि कान तपासून डॉक्टरांचा कागद आणायचा, नाहीतर सुरुंगाला हात लावायचा नाही. यांच्या डोळ्यांची काळजी नाही, तांदळातला खडा दारातून दिसतो. पण कान? रविवारी घरी आले की मी परसातून हाक मारते. शेजारची पार्वतीकाकी ओ देते, हे देत नाहीत.

तपासणी तुझ्या गल्लीतला डॉक्टर गोकुळदास करतो असं कळलं. लहानपणी संध्याकाळी तुझ्याकडे इंग्रजी शिकायला यायचा तोच ना? तू एक शब्द टाकलास तर तो नाही म्हणणार नाही. यांचा जन्म सुरुंगात गेला. आता दुसरं काय करतील? देवीची पालखी निघताना गर्नाळांचे, म्हणजे दारूचे, बार उडवायचा मान आमच्या घराचा आहे, आणि सरकारी सर्टिफिकेटवाला गर्नाळकार आमच्याच देवीकडे, असं गाव अभिमानाने सांगतं. तो मानही जाईल.

मी लिहिल्याचं यांना ठाऊक नाही. माया आहेच, ती कमी करू नकोस.

तुझी,
देवकी

साखळी
११ नोव्हेंबर १९९०

चि. सौ. देवकीस,
अ. उ. आ.

गुडघा आहे तिथेच आहे, फक्त तो आता माझं ऐकत नाही. तुझ्या घरात ऐकत नसलेल्यांची वेगळीच कथा दिसते.

शब्द टाक म्हणतेस. शब्द म्हणजे काय पोदेराचा पाव आहे, पहाटे दारात टाकला आणि सायकलवरून भोंपू वाजवत पुढे गेला? म्हापशाच्या कॉन्व्हेंटात मदर आम्हांला खोटं बोलल्याबद्दल हातावर पट्टी मारायची. मला ती बाई कधी आवडली नाही, पण पट्टी अजून लक्षात आहे.

मी सगळी नोकरी पणजीच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये कानाला हेडफोन लावून काढली. कान जायला लागला की माणूस आधी स्वतः मोठ्याने बोलू लागतो. मागच्या चवथीला कृष्णनाथ माझ्या दारापुढच्या बाल्कांवात बसून माझी तब्येत विचारत होते, ती अख्ख्या साखळीला कळली. तेव्हाच मला समजलं होतं. बोलले नाही, कारण मला वाटलं, बायको आहे, ती बघेल. बायको बघते आहे ती अशी!

सुरुंगाचं मला तूच सांगितलं होतंस. बार एकापाठोपाठ उडतात आणि ब्लास्टर ते कानाने मोजतो. लावले तेवढे उडाले तरच तो शिट्टी वाजवतो, मग माणसं आणि ट्रक खाली उतरतात. एक जरी कमी भरला तर कुणी पाऊल टाकायचं नाही, कारण न उडालेला बार दगडात जिवंत बसलेला असतो. मग सांग, बहिऱ्या माणसाने मोजायचं कशाने? आणि खाली उतरणाऱ्यांच्या घरी देवकी नसतात का?

येत्या बुधवारी त्यांना जेवायला बोलावते. मीच तपासते. माझा कागद फुकट मिळेल, पण खरा असेल.

राग धरू नकोस, धरलास तर लवकर सोड.

तुझी अक्का

साखळी
१५ नोव्हेंबर १९९०

चि. सौ. देवकीस,
अ. उ. आ.

काल कृष्णनाथ येऊन गेले. तू दिलेल्या सोलांची पुडी पोचली. माणूस सोन्यासारखा आहे, हे आधीच लिहून ठेवते, म्हणजे पुढचं वाचताना तू पत्र चुलीत घालणार नाहीस.

ते जेवत असताना मी माशांच्या हुमणाचं भांडं घेऊन मागे उभी राहिले आणि हळूच विचारलं, आणखी वाढू का. त्यांनी लगेच ताट पुढे केलं. मला इतका आनंद झाला की हुमण ताटाबाहेर सांडलं. मग तिथूनच विचारलं की सुर्ल्याला हल्ली काम कसं चाललंय. ते म्हणाले की यंदा काजूला मोहर लवकर येईल असं दिसतं.

मग मी समोर कदेल ओढून बसले आणि तोंडावर विचारलं. लपवलं नाही त्यांनी. त्यांच्या हाताखाली दोडामार्गकडचा विठू म्हणून माणूस आहे, सुरुंगाच्या वेळी लाल बावटा दाखवून रस्ता अडवणारा. बार उडायला लागले की तो त्यांच्या समोर उभा राहतो आणि प्रत्येक बाराला एक बोट मिटतो. कृष्णनाथ बोटं मोजतात आणि शिट्टी वाजवतात. शिवाय तळव्यांना जमीन सांगते, असंही म्हणाले. हे फोरमनपासून पाणी देणाऱ्या बाईपर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे. कुणी बोलत नाही, कारण सगळ्यांची त्यांच्यावर माया.

देवकी, माया चांगलीच. पण सर्टिफिकेट कृष्णनाथांच्या नावाचं आहे, विठूच्या बोटांच्या नावाचं नाही. उद्या विठूला ताप आला तर? त्याच्या डोळ्यांत धूळ गेली तर? मी गोकुळदासकडे जाणार नाही. पुन्हा सांगू नकोस.

तुझी अक्का

इब्रामपूर
२ डिसेंबर १९९०

ती. अक्कास,
सा. न. वि. वि.

पत्र पावलं. तुझं सगळं बरोबर आहे. तुझं नेहमीच बरोबर असतं.

हे दोन रविवार आले आणि भिंतीवरच्या सर्टिफिकेटची काच पुसून परत गेले. जेवणात लक्ष नाही. रात्रपाळीचा वॉचमन करतील असं कुणी तरी म्हणालं. माणूस अपघातानेच मरतो असं नाही, अक्का. नुसतं बसवून ठेवलं तरी मरतो. तुला संध्याकाळी कुणाच्या पावलांची वाट बघायची नसते, म्हणून नियम तुला सोपे वाटतात.

जास्त काही लिहीत नाही. गुडघ्याला निरगुडीचा पाला बांध.

देवकी

साखळी
२० डिसेंबर १९९०

चि. सौ. देवकीस,
अ. उ. आ.

तुझं शेवटचं वाक्य निरगुडीचं होतं, म्हणून आधीचं गिळलं.

मी दमले आहे. गोव्याचं राज्य झालं, राजभाषा झाली, एक्स्चेंजमध्ये मुलींच्या जागी यंत्रं बसली. प्रत्येक गोष्टीवर मी भांडले आणि प्रत्येक गोष्ट मला न विचारता झाली. आता सख्ख्या बहिणीशी भांडायचं तर जोर कुठून आणू?

काल गोकुळदासच्या दवाखान्यात गेले. शब्द टाकला. मला वाटलं होतं तो चिडेल. टीचर, हे तुम्ही सांगता, असं म्हणेल. मी खाली मान घालून घरी येईन आणि तुला लिहीन की बघ, जमलं नाही. पण त्याने चष्मा पुसला आणि म्हणाला, टीचर, तुम्ही सांगितलंत म्हणजे झालं, त्यांना यायचीही गरज नाही, कागद पाठवून देतो. इतकं सोपं होतं. मी शिकवलेला मुलगा! व्याकरण पक्कं केलं त्याचं, बाकी काही करायचं राहून गेलं.

दुपारी सुर्ल्याच्या बाजूला बार उडतात तेव्हा माझ्या जनेलाच्या काचा थरथरतात. इतकी वर्षं लक्ष दिलं नव्हतं. आता हातातलं काम ठेवून मोजते. किती लावले ते मला माहीत नाही, तरी मोजते.

तुला हवं ते मिळालं. मला खुशाली कळवत जा, रोज शक्य नसेल तर आठवड्याला.

अक्का

सुर्ला
१३ जानेवारी १९९१

ती. कमलाक्षीअक्कांस,
कृष्णनाथचा सा. न. वि. वि.

मला पत्र लिहायची सवय नाही, चूकभूल पोटात घालावी.

डॉक्टरांचा कागद आला. माझे दोन्ही कान उत्तम आहेत असं त्यात लिहिलं होतं. मी तो सदऱ्याच्या खिशात ठेवला होता.

मंगळवारी विठू गावच्या जत्रेला गेला. त्याला कसा अडवणार? त्यांच्या जत्रेला मुंबईची माणसंसुद्धा येतात. बावट्याला नवीन माणूस दिला. दुपारी वाती पेटवून आम्ही आडोशाला आलो. बार उडाले. मी सवयीने समोर बघितलं, तर तो माणूस कानात बोटं घालून उभा होता. तळव्यांना कळलं तेवढं मोजलं. पण शेवटी दोन धक्के एकत्र आले की एकच मोठा आला, ते कळेना.

शिट्टी तोंडाला लावली. खाली ट्रकची रांग होती. मॅनेजर हातवारे करत होते की वाजव, वाजव. अक्का, फुंकायला छातीत वारा होता, पण शिट्टी वाजेना. ती फोरमनच्या हातात दिली आणि सगळ्यांसमोर सांगितलं की मला ऐकू आलं नाही. आज नाही आलं असं नाही, बरेच दिवस येत नाही.

सगळं काम थांबलं. नियमाप्रमाणे थांबून फोरमनने एक एक भोक तपासलं. सगळे बार उडालेले होते. एकही राहिला नव्हता. लोक हसले. म्हाताऱ्याने दुपार फुकट घालवली म्हणाले. ते खरंच आहे. पण मला ते माहीत नव्हतं, आणि शिट्टी माझ्या नावाची होती.

विठू परत आला तो माझ्याशी बोलत नाही. आपण गेलो म्हणून हे झालं असं त्याला वाटतं.

आता मला मातीच्या ढिगांवर रोपं लावायच्या कामाला घातलंय. बाभळीची आणि काजूची. रोपांना ऐकू येणारा माणूस लागत नाही. कागद मी स्वतः जाऊन गोकुळदासना परत दिला. कुणी सांगितलं होतं ते विचारलं नाही. त्यांनी तुमच्या घराकडे बघितलं, तेवढ्यावरून कळलं. तुम्ही वाईट वाटून घेऊ नका. देवकीला मी काही बोललो नाही, तुम्हीही बोलू नका. ती माझ्यासाठीच करत होती.

आणि त्या दिवशीचं हुमण. तुम्ही मागून काय विचारलंत ते मला ऐकू आलं नव्हतं. वास आला, म्हणून ताट पुढे केलं.

गर्नाळांचा मान मी चुलतभावाला दिला. जत्रेला या.

आपला,
कृष्णनाथ

साखळी
१० फेब्रुवारी १९९१

श्री. कृष्णनाथ यांस,
अ. उ. आ.

जत्रेहून सुखरूप पोचले. बसमध्ये एका मुलाने उठून जागा दिली नाही, त्याला गोव्याच्या भवितव्याबद्दल चार शब्द सांगितले. दोडामार्गच्या वळणापर्यंत तो उभा राहिला.

तुमच्या पत्राला उत्तर द्यायला उशीर केला. चार वेळा लिहायला घेतलं. मी आयुष्यभर दुसऱ्यांना खरं सांगत आले, आणि एकदा मोडले ती नेमकी तुमच्या जिवावर. तो कागद तुम्ही खिशातून काढून परत नेऊन दिलात. याबद्दल आणखी लिहीत नाही, तुम्हीही लिहू नका.

पालखी बाहेर आली तेव्हा तुम्ही गर्दीच्या मागे, माडाला टेकून उभे होतात. तुमचा चुलतभाऊ वात लावत होता. लोकांचं लक्ष देवीकडे. मी मात्र पायऱ्यांवरून तुमच्याकडे बघत होते. प्रत्येक गर्नाळ उडाला की देवकी तुमच्यासमोर हात धरून एक बोट मिटत होती, विठूसारखं. सगळी मूठ मिटली तेव्हा तुम्ही दोघांनी पालखीला हात जोडले.

ही बाई माझ्याशी नीट बोलत नाही अजून. बोलेल. तिला सांगा, निरगुडीने थोडा फरक आहे.

एक राहिलं. मला तुमच्यावर अधूनमधून ओरडायची सवय आहे आणि ती सुटायची नाही. पण तुम्हांला ऐकू जाईल इतकं ओरडायचा दम आता माझ्यात उरलेला नाही. तेव्हा यापुढे रागवायचं असेल ते पत्रातच रागावेन. वाचत जा, आणि उत्तर देत जा.

तुमची,
कमलाक्षीअक्का