लोखंडी माणसाची गोष्ट, अण्णा सांगत तशी

अण्णा, येत्या रविवारी दुपारी दोन वाजता मी राजूरला तुमच्या जुन्या शेडमध्ये लोखंडी माणसाचा पिक्चर लावणार आहे. नुसता लावणार नाही. पडद्याशेजारी माईक घेऊन उभी राहणार आहे आणि तुम्ही सांगायचात तशी सगळी गोष्ट पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगणार आहे. शेडमध्ये आता खतांचं दुकान आहे. मालकाला विचारलं तर तो आधी हसला, मग म्हणाला, "मागचं गोदाम रिकामं करून देतो मॅडम, पन युरियाचा वास येईल बरं का." येऊ दे म्हटलं, तुमच्या वेळी बिड्यांचा यायचा. बदनापूरच्या माझ्या शाळेतले लोक म्हणतात, मॅडम रिटायर व्हायला आल्या आणि हे काय खूळ घेतलं डोक्यात. त्यांना उत्तर द्यायला मी बांधील नाही. तुम्हाला आहे, म्हणून लिहायला बसले. तुम्ही जाऊन बावीस वर्षं झाली, एवढा उशीर मी कुठल्याच मुलाची वही तपासायला लावला नसता.

तुमचा व्हिडिओ हॉल म्हणजे पत्र्याचं शेड, चार सतरंज्या, एक रंगीत टीव्ही आणि ज्याला तुम्ही पोटच्या पोरासारखं जपायचात तो व्हीसीआर. बाजाराच्या दिवशी आणि चतुर्थीला, गणपतीचं दर्शन घेऊन माणसं बसची वाट बघत थांबत, तेव्हा दुपारचे दोन खेळ. हिंदी पिक्चरच्या नव्या कॅसेट मोठ्या गावांतले हॉलवाले आधीच उचलत. आपल्या वाट्याला उरायच्या कुणाला नको असलेल्या इंग्रजी. तुम्ही निजामाच्या राज्यात उर्दू शाळेत चार इयत्ता शिकलेले. इंग्रजीचं अक्षर ओळखीचं नव्हतं, तरी त्या कॅसेट पिशवीत भरून तुम्ही औरंगाबादहून खुशाल घेऊन आलात. माय म्हणाली, "कोन पाह्यल हे? कुनाला काय कळंल?" तुम्ही म्हणालात, "मी सांगतो ना." आणि मंडपवाल्याकडून एक माईक आणलात. दुसऱ्या हॉलमध्ये लोक पिक्चर बघायचे, आपल्याकडे ऐकायचे.

लोखंडी माणूस हे नावही तुम्हीच दिलेलं. कॅसेटवरची चिठ्ठी पुसून गेली होती आणि शाबूत असती तरी वाचली कुणी असती? आता मुलं अशा प्राण्याला सायबॉर्ग म्हणतात. तुम्ही एका दमात समजावलं होतंत, "समजा, मानसाच्या अंगात मळणीयंत्र बसवलं. अर्धं अंग मायच्या पोटातलं, अर्धं कारखान्यातलं." पिक्चर अगदी गरिबीत काढलेला. छातीवर चंदेरी रंग दिलेला पुठ्ठा, एका डोळ्याच्या जागी बॅटरीचा बल्ब, हातात वेल्डिंगवाल्याचा मोजा. पुढच्या जमान्यातून मागे यायची पेटी म्हणजे पत्र्याची मोरीच, आणि आत धूर सोडणाऱ्या माणसाचा हात कोपऱ्यात चक्क दिसायचा. पुढच्या जमान्यातलं शहर बाटल्या आणि खोकी रंगवून उभं केलेलं. कुणी खिदळलं की तुम्ही माईकवरून दम भरायचात, "हसू नका. पैसा कमी पडला बिचाऱ्यांना, पन मन लावून केलंय." मग शेड गप्प बसायचं.

तुमच्या गोष्टीत तो त्याच्या आईला बघायला आलेला असतो. कामगार असतो, अपघातात अर्धा जातो, डॉक्टर लोखंड बसवून त्याला उभा करतात, पण तोवर आई गेलेली असते. म्हणून तो काळाच्या मागे येतो. आई सापडते, पण ती तरुण, एका कारखान्यात काम करणारी, आणि ती ह्याला बघून घाबरते. तिथे तुम्ही आवाज खाली आणता. मला अजून ऐकू येतं. तुम्ही टीव्हीकडे बघत नाही, बायका बसल्यात त्या बाजूला बघता आणि म्हणता, "कशी ओळखंल ती? ह्याचा आजून जन्मच झाला न्हाई." बायका पदर डोळ्यांना लावतात. पडद्यावरच्या त्या बाईने काय म्हटलं ते कुणालाच ठाऊक नाही आणि कुणाचं काही अडतही नाही.

पिक्चर दोन कॅसेटमध्ये होता. एका चतुर्थीला गर्दी फार, आणि गडबडीत तुम्ही दुसरी कॅसेट आधी लावलीत. अर्धा खेळ झाला आणि लोखंडी माणूस मेला. ती बाई त्याचा हात हातात घेऊन बसलेली, खेळ थांबला, लोक मुतारीला जाऊन आले. पहिली कॅसेट सुरू झाली तर हा पठ्ठ्या मोरीतून धूर झटकत बाहेर! मागून कुणीतरी ओरडलं, "ओ मालक, ह्यो तर मेल्ता ना!" तुम्ही मात्र पापणी लवू दिली नाही. "मेल्ता न्हाई, मरनार हाय. टायमाच्या मागं आलाय त्यो. त्याचं मरन त्याच्या पुढं हाय, आपन आधी पाह्यलं, बस." शिट्ट्या पडल्या. त्यानंतर तुम्ही तो पिक्चर कधीच सरळ लावला नाही. आणि खरं सांगू, तो तसाच चांगला वाटायचा. शेवट ठाऊक असल्यामुळे तो जिथे जिथे हसायचा तिथे लोक जास्तच गप्प व्हायचे.

हसनाबादचे चाचा प्रत्येक खेळाला पुढच्या सतरंजीवर असायचे. मळणीयंत्रात त्यांचा उजवा हात कोपरापासून गेला होता, सदऱ्याची बाही खांद्याला पिन करून ठेवलेली. पिक्चरमध्ये लोखंडी माणूस त्या हाताने काचेचा ग्लास उचलून पाणी पितो, तिथे तुम्ही व्हीसीआर थांबवायचात. "बघा, काच फुटली न्हाई. पुढच्या जमान्यात असा हात बसवून देत्यात. जड काम बी करतो, नाजूक बी." हे सांगताना तुम्ही चुकूनही चाचांकडे बघत नव्हता. चाचाच खालून म्हणायचे, "अण्णा, आपला नंबर लावून ठेवा." सगळे हसायचे, चाचा सगळ्यांत जास्त. दर खेपेला तेच वाक्य, दर खेपेला तेवढंच हसू. मी लहान होते तरी मला ते आवडायचं.

मग मी जालन्याला कॉलेजात गेले, इंग्रजी विषय घेऊन, आणि शिंगं फुटली. अंगारकीला वर्गातल्या दोन मुली दर्शनाला माझ्याबरोबर राजूरला आल्या. तुम्ही हौसेने त्यांना पुढे बसवलंत. खेळ सुरू झाला, तुमचं सांगणं सुरू झालं, आणि त्यांतली एक माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "तुझे वडील इंग्रजी कुठे शिकले गं?" दुसरी तोंडावर रुमाल धरून हसत होती. माझे कान तापले. मी उभी राहिले आणि भर शेडमध्ये म्हणाले, "अण्णा, असं काही नाहीये त्यात. ती त्याची आई नाही. उगाच खोटं सांगू नका लोकांना." माईक चालू होता, त्यामुळे ते शेवटच्या माणसापर्यंत गेलं.

मला वाटलं, तुम्ही रागावणार. तुम्ही रागावायला हवं होतं, अण्णा. तुम्ही माईक सदऱ्याला पुसलात आणि त्यात म्हणालात, "आमची पोरगी कॉलेजात इंग्रजी शिकून राह्यली. आता खरं काय ते ती सांगंल." आणि माईक माझ्या हातात दिलात. मी सांगितलं. तो माणूस नाहीच, माणसाच्या अंगात शिरलेलं यंत्र आहे. शत्रू आहे. बाईला मारायला आलाय. तो हात आहे तोवर कुणाची धडगत नाही, आणि शेवटी बाई तो हात मोडते म्हणून जग वाचतं. मधेच चाचा उठले. डाव्या हाताने भिंत धरून त्यांनी चपला पायात सरकवल्या आणि बाहेर गेले. मी सांगतच राहिले.

त्यानंतर तुम्ही माईक हातात घेतला नाही. "कळनाऱ्यानं सांगावं, आपन कशाला," एवढंच. इंग्रजी कॅसेट परत गेल्या, लोखंडी माणूसही गेला, तुम्ही जुने हिंदी पिक्चर मुकाट लावत राहिलात आणि पुढे गावात केबल आली तेव्हा शेड बंद केलंत. बसस्टँडवर मात्र ज्याला त्याला सांगायचात की माझ्या पोरीला साहेबाची भाषा समजती. एकदा मायने चुलीपुढे भाकरी थापता थापता मला म्हटलं, "तुझ्या बापाचा आवाज नेलास तू." मी ताटावरून उठले. त्या भाकरीसकट ते वाक्य अजून घशात आहे.

गेल्या महिन्यात चाचा बदनापूरला माझ्या घरी आले. ऐंशीच्या पुढे गेलेत, गुडघे वाकत नाहीत, खुर्चीत बसले. म्हणाले, "बेटा, ते अण्णाचं पिक्चर कुठं भेटंल का? एकदा पाह्यचं होतं." इंटरनेटवर ते मला कधीच सापडलं होतं, कुणीतरी जुन्या कॅसेटवरून टाकलेलं, पण लावायचं धाडस झालं नव्हतं. त्या दुपारी लॅपटॉपवर लावलं. तीस वर्षं इंग्रजी शिकवलेल्या कानांनी मी पहिल्यांदा ते नीट ऐकलं. बाईने त्याचा हात हातात घेतला तेव्हा चाचांनी स्वतःच्या बाहीकडे पाहिलं. "तू उस दिन बोली थी, ह्यो दुश्मन हाय. बराबर ना? अण्णा आमचं दिल ठेवायला सांगत होते." आणि अण्णा, मी मान हलवली. मी म्हणाले, "बराबर, चाचा." त्यांनी चहा संपवला. दारात थांबून म्हणाले, "तरी बी अण्णावाली गोष्ट एकदा ऐकायची होती. झूठ असली तरी चालंल." ते गेल्यावर मी कप विसळायला घेतले आणि तिथेच ओट्यापाशी रडले. डोळे पुसले आणि खतवाल्याला फोन लावला.

आता माघार नाही. आमच्या शाळेतल्या सरांनी सुचवलं, मॅडम, खाली मराठी अक्षरं टाकून देतो, म्हणजे लोकांना खरी गोष्ट कळेल. मी म्हटलं, अक्षरं नकोत आणि आवाजही बारीक ठेवा, मला बोलायचंय. दुसरा अर्धा भाग आधी लावायचा म्हटल्यावर त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू माझा चष्मा बदलायला झालाय. मी लिहून दिलं त्यांना, आधी मरण, मग मोरी. रोज सकाळी स्वयंपाकघरात लाटणं तोंडाशी धरून सराव करते. तुमचा आवाज माझ्याकडे नाही, माझा वर्गातला आहे, टोकदार. ग्लासच्या जागी कुठे थांबायचं ते मात्र पक्कं आठवतं. चाचांना निरोप गेलाय. नातू मोटारसायकलवर आणणार आहे. त्यांच्यासाठी खुर्ची पहिल्या रांगेत ठेवणार आणि त्यांच्याकडे न बघता सांगायचा प्रयत्न करणार. जमेल की नाही माहीत नाही, पण सांगणार.

गोष्टीच्या आधी मला माईकवर आणखी एक सांगायचं आहे, चाचांच्या समोर, सगळ्यांच्या समोर. तो लोखंडी माणूस त्या बाईचा मुलगा नव्हता, पण शत्रूही नव्हता. तो निरोप घेऊन आला होता. तिच्या कारखान्यात पुढे स्फोट होणार होता आणि तो थांबवायची किल्ली त्याने त्या लोखंडी हातात जपून आणली होती. बाई हात मोडत नाही. किल्ली काढून घेते आणि नंतरही कितीतरी वेळ हात सोडत नाही. तुम्ही निदान तिचा चेहरा बघून बोलत होता. मी त्या दोन मुलींचे चेहरे बघून बोलले.

हे पत्र वहीतच राहील, फाडून कुठे पाठवायचं? रविवारी चाचांना जे सांगणार आहे ते आधी तुम्हाला कळायला हवं, म्हणून लिहिते. त्या दुपारी माईक हातात घेतला तेव्हा मला त्या पिक्चरमधलं एकही वाक्य कळलं नव्हतं, अण्णा. सगळं मी मनाने रचून सांगत होते, आणि तुम्ही व्हीसीआरजवळ उभं राहून माझ्या प्रत्येक वाक्याला मान डोलवत होता.