ओळखीचे मच्छीमार

१८ नोव्हेंबर, रत्नागिरी

मी 'ओळखीचे' का म्हणाले? दुपारपासून स्वतःला विचारतेय.

आज आमच्या कॉलेजात एका निवृत्त वैमानिकांचं व्याख्यान झालं. त्यांचं सगळ्यात आवडतं लँडिंग डोंगरातलं. दरीत विमान वळवायचं, एका घराचं लाल छप्पर नाकासमोर आलं की मगच खाली न्यायचं. अवघड, पण देखणं, म्हणाले. मला राहवलं नाही. उठून सांगितलं, बुरोंडीला होडी आत आणतानाही असंच करतात. देवळाचा कळस आणि मागचा माड एका रेषेत आले की खडक चुकतात.

वैमानिक सर खूश झाले. "वा! हे कुणी शिकवलं तुम्हाला?"

"आहेत एक ओळखीचे मच्छीमार."

ओळखीचे! होडीवर राबून ज्यांनी मला घरातली पहिली पदवीधर केलं, ते बाबा ओळखीचे? कुणी हसलंही नसतं. मीच घाबरले. वर्गात मुलांना श्रमप्रतिष्ठेवर निबंध लिहायला लावणारी मी! संताप येतोय नुसता.

संध्याकाळी फोनवर बाबांना वैमानिकांची गोष्ट सांगितली, माझी नाही. ते हसले. "त्यांच्यासाठी विमानतळावर दिवे लावून ठेवतात गो. माझ्यासाठी कोण लावतंय?"

मी लावले ना आज. चांगलेच दिवे लावले.

व्याख्यानाचा वृत्तान्त लिहिणं माझ्याकडेच होतं. त्यात लिहिलं, 'ही खूण मला माझ्या वडिलांनी शिकवली. ते बुरोंडीला मच्छीमारी करतात.' तशीच परत कॉलेजात गेले आणि कागद सूचना फलकावर लावून आले.