व्याह्यांचा एक्सल

९ जानेवारी २०२५, गुरुवार

टायर ठरले. नवेच! पण त्यापायी मला सगळ्यांनी किती हसून घेतलं ते लिहून ठेवतो.

आबा आणि मी विजयसिंहतात्यांच्या शेडमध्ये गेलो होतो. कबनूरच्या रस्त्याला त्यांचं ट्रॉल्या बांधायचं शेड आहे. आमची जुनी ट्रॉली बाद झाली म्हणून नवी दोन चाकी डंपिंग ट्रॉली त्यांच्याकडे बांधायला टाकली आहे. दुसरीकडे टाकायचा प्रश्नच नव्हता. डिसेंबरात माझ्या बहिणीची, पूर्णिमाची, सुपारी फुटली ती तात्यांच्या राजवीरशी. लग्न मे महिन्यात. व्याही ट्रॉल्या बांधतात म्हटल्यावर आम्ही दुसऱ्याच्या दारात कसे जाणार!

तात्यांनी टायर काढून ठेवलेच होते. रिमोल्ड, म्हणजे जुन्याच टायरवर नवं रबर चढवलेले. वरून काळे कुळकुळीत, नक्षी ताजी. मी वाकून बाजूचे आकडे वाचले. टायर कोणत्या साली बनला ते त्यावर असतं. दोन्ही जुने, आणि एकमेकांच्या वयाचेही नव्हते. अंगठ्यानं दाबलं की बारीक चिरा उघडत होत्या. सांगितलं, तर तात्या शेडभर ऐकू जाईल असं हसले. "बाळासो, तुमचं पोरगं टायरची जन्मपत्रिका मांडतंय की! मंगळ हाय काय बघ रं त्याला." वेल्डिंग करणारी माणसं हातातलं टाकून हसली. आबाही हसले. आबा कशाला हसले?

मी म्हणालो, चालवायची मला आहे. खाण वर माळावर, गाव खाली, मध्ये खिंड. मुरुमानं भरलेली ट्रॉली घेऊन त्या उतारानं मी येतो. शेवटच्या खेपेला मुरूम भरणाऱ्या तानाबाईच्या टोळीतल्या बायका मुरुमावरच बसून घरी येतात. तिथं काही झालं तर?

शेवटी तात्या म्हणाले, घे बाबा नवे. रुंद घेऊ दिले, कारण अरुंद टायर ओल्या शेतात रुततात. मग मी एक्सलचं विचारलं. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "त्ये माझ्यावर सोड. घरचं काम हाय."

१० जानेवारी

जेवताना आबांनी जन्मपत्रिकेचं आईला सांगितलं. परत हसले. मी ताटावरून उठलो.

१५ जानेवारी, बुधवार

आज एकटाच कबनूरला गेलो. एक्सल बसवून झाला आहे. नुसता बसवून नाही, रंगवूनही! मी बघायच्या आत.

ट्रकचा जुना एक्सल आहे. मी नवा मागितला होता, भरीव चौरस सळईचा. तात्या म्हणाले की ट्रकनं आयुष्यभर ओझं वाहिलं, तुझा मुरूम म्हणजे त्याला कापूस. जुना एक्सल वाईटच असतो असं मी म्हणत नाही. तालुक्यातल्या निम्म्या ट्रॉल्या त्यावरच चालतात. मी एवढंच म्हणालो की चाकाचा हब उघडा, आत बेअरिंग बसतं ती जागा बघू द्या. झिजली असेल तर कळेल. यात काय चुकलं?

तात्यांनी सरळ आबांना फोन लावला आणि माझ्या हातात दिला. आबांचा आवाज इतका चढला की बाजूच्या माणसालाही ऐकू गेला असणार. "पोरगी द्यायची हाय तिथं लोखंड तपासतोस? लाज वाटती काय?"

नववीत शाळा सोडली तेव्हापासून माझं बोलणं म्हणजे घरात पंख्याचा आवाज. चालू आहे, पण ऐकत कुणी नाही.

२१ जानेवारी, मंगळवार

ट्रॉली आली. हिरवा रंग, मागच्या फाळक्यावर घोडे. आईनं ओवाळलं. पूर्णिमानं चाकांना हळद-कुंकू लावलं. फार खूश होती, सासरचं काम म्हणून सगळ्यांना दाखवत होती. तानाबाई येऊन फाळका थापटून गेली. "आता बसाय गादी तेवढी टाक."

राजवीर स्वतः घेऊन आला होता. चहा घेतला, पण माझ्याकडे एकदाही बघितलं नाही.

२३ जानेवारी

पहिल्या खेपा. डावा हब तापतो. हात ठेवला, ठेवता आला नाही. उजवा थंड. आबांना सांगितलं. "नवं हाय, बसंल बसंल तसं बरं व्हईल." पण नवं काय आहे त्यात?

२५ जानेवारी, शनिवार

आबा आजऱ्याला लग्नाला गेले होते. मी डावं चाक उतरवलं आणि हब उघडला.

सगळं नीट केलं. ग्रीस पुसलं. बेअरिंग काढलं. बेअरिंगची जागा झिजलेली होती, ती वेल्डिंगनं भरून लेथवर उतरवली आहे. रंगच वेगळा दिसतो. वर डिझेल चोपडलं, कोरडं पुसलं आणि खडूची पूड भुरभुरली. चीर असेल तर आत गेलेलं डिझेल पुडीत पाझरतं. थोडा वेळ काहीच नाही. मला बरं वाटलं, खरंच! देवाशप्पथ मला वाटलं, बरं झालं, मीच खोटा ठरलो.

मग रेघ उमटली. केसासारखी. भरलेला भाग जिथं संपतो तिथं, अर्ध्याहून जास्त वेढा घालून.

आबा उजेड असतानाच परत आले. त्यांना नेऊन दाखवलं. ते उकिडवे बसले, चष्मा पुसला, बोट फिरवलं. मी म्हटलं, आता तरी तात्यांना सांगा. आबा उठले, हात धोतराला पुसले.

"परत बसव."

मी म्हटलं, आबा, दिसतंय ना तुम्हाला?

"दिसतंय. तात्याला ठावं नसंल, कुठनं तरी घेतला असंल. आता त्येला सांगून त्येची इज्जत काढू? मे महिना काढू. हळू चालव."

त्यांना दिसत नसतं तर मी समजू शकलो असतो!

२७ जानेवारी, सोमवार

मी ट्रॅक्टरला हात लावणार नाही म्हणालो. आबा म्हणाले, मग मी चालवतो. आबांचा उजवा गुडघा ब्रेकवर जोर धरत नाही. हे त्यांना माहीत आहे, मलाही माहीत आहे. चावी त्यांच्या हातातून ओढून घेतली. असं घेरतात मला.

अर्धीच भरली. शेवटच्या खेपेला बायकांना ट्रॉलीत बसू दिलं नाही, मागून चालत या म्हटलं. दिवसभर पाट्या उचललेल्या बाया! तानाबाई खिंड संपेपर्यंत मला सोडत नव्हती. "नवी ट्रॉली आन् आमी पायानं? आमच्या बुडाला काटं हाईत व्हय रं? का रंग खराब हुतोय?" बाकीच्या हसत होत्या. मला कारण सांगता येईना. व्याह्यांचं नाव येतं ना!

२८ जानेवारी

तसंच. आज त्या हसल्या नाहीत.

३० जानेवारी, गुरुवार

राजवीरला भेटलो. मला वाटलं, हा तरी माझ्या वयाचा आहे. फोन केला तर म्हणाला, हुपरीला ये, पूर्णिमाचे पैंजण घडवायला टाकायला आलोय.

चांदीच्या कारागिराच्या ओट्यावर बसला होता. मला बघून उठला, चहा सांगितला. त्याला वाटलं, मी पैंजणांसाठी आलो. पूर्णिमाच्या घोट्याचं माप आहे का तुझ्याकडं, विचारत होता. दोरा घेऊन तिच्याकडून माप आण, सैल झाले तर घोट्याला घासतात, घट्ट झाले तर वळ उठतात, अगदी अचूक पाहिजे म्हणाला.

मी एक्सलचं काढलं. त्यानं इकडेतिकडे बघितलं आणि मला रस्त्याच्या कडेला नेलं.

"मला ठावं हाय. मीच भरलाय त्यो."

मी विचारलं, तात्यांना माहीत आहे?

"तात्यांनीच सांगितलं भर म्हणून. पडून होता. चीर न्हवती तवा. म्हंजे, मी बघितली न्हाय."

तुमच्या स्वतःच्या ट्रॉलीला घातला असतास काय, विचारलं. तो चपलेनं माती उकरत राहिला. मग म्हणाला, "न्हाय."

एवढं खरं बोलला. मला एक क्षण वाटलं, चला, माणूस आहे. आणि लगेच म्हणाला, "पूर्णिमाला सांगू नगंस, भावा. तुज्या पाया पडतो."

कारागिरानं हाक मारली. तो पैंजणाची नक्षी बघायला आत गेला. मी चहा तसाच ठेवून एस.टी. धरली. गाडीत माझे दात इतके आवळले होते की शेजारच्या म्हातारीनं विचारलं, दाढ दुखतीया काय.

२ फेब्रुवारी, रविवार

मोटरसायकल विकली. उद्यमनगरात खिजरभाईंच्या वर्कशॉपमध्ये ट्रॉली नेली आणि नवा चौरस एक्सल बसवून घेतला. माझ्या देखत. प्रत्येक बेअरिंग मी हातानं फिरवून बघितलं. खिजरभाई एकदा म्हणालेच, "पावणं, लगीन लावताय काय बेअरिंगशी?" पण थांबले, बघू दिलं. जुना त्यांना दाखवला. त्यांनी रेघ बघितली आणि कुणी भरला म्हणून विचारलं. मी सांगितलं नाही. जुना परत आणून गोठ्यामागं टाकला.

घरी एवढंच सांगितलं की हब तापत होता, दुरुस्त केला. आबांना सगळं समजलं. गोठ्यामागं जाऊन आले. मोटरसायकल कुठं गेली, ते विचारलं नाही.

कुणाचं नाव घेतलं नाही, कुणाची इज्जत काढली नाही. झालं ना मग? मिटलं!

५ फेब्रुवारी, बुधवार

मिटलं कसलं. दूधगाडीवाल्यानं आमची ट्रॉली उद्यमनगरात खाली एक्सल नसलेली बघितली. आज तात्या दारात. बरोबर दोन माणसं आणि राजवीर.

सोप्यात बसले. पाणी घेतलं नाही. पूर्णिमा चहा घेऊन आली तर तात्यांनी हातानंच नको म्हटलं आणि ती ट्रे धरून दारात तशीच उभी राहिली. तात्या म्हणाले, गावोगावची माणसं माझ्याकडं ट्रॉल्या बांधत्यात, आन् माझ्या व्याह्यानं माझं काम दुसऱ्याच्या शेडात जाऊन उघडलं. उद्या मी तोंड कुठं दाखवू? आबांनी हात जोडले. पोराची जात आहे, अक्कल नाही, असं काहीतरी बोलले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तात्यांच्या पाया पड."

मी राजवीरकडे बघितलं. तो फरशी मोजत होता. मी पूर्णिमाकडे बघितलं. ट्रेमधले कप वाजत होते.

तोंडापर्यंत आलेलं गिळलं. वाकलो. "चुकलं माझं, तात्या."

"तरणं रक्त हाय, चालायचंच," म्हणाले. मग चहा घेतला. निवला होता, परत गरम करायला लावला.

६ फेब्रुवारी

राग जात नाही. बादलीला लाथ मारली, अंगठा सुजला.

गोठ्यात पूर्णिमा आली. विचारलं, "दादा, माजं लगीन नगं हाय का तुला?" मी म्हशीच्या पाठीवरचं शेण खरवडत राहिलो. तिनं वैरण म्हशीपुढं सारली. मग गेली. आता माझ्याशी बोलत नाही. भाकरी वाढते, पण आईच्या हातून देते.

जे खोटं बोलले ते चहा पिऊन गेले. मी गप्प बसलो तर वैरी ठरलो.

९ फेब्रुवारी, रविवार

पूर्ण भरून खिंड उतरलो. बायका वर बसल्या होत्या. दोन्ही हब थंड. तानाबाई उतरताना म्हणाली, "आज कसं काय चढवलंस रं? सोयरीक जमली व्हय आमची?" मला हसू आलं नाही. हे सगळं मला हवं होतं तसंच झालं, आणि कुणालाही माहीत नाही. आबांना माहीत आहे. तेच जास्त टोचतं.

१२ फेब्रुवारी, बुधवार

तात्यांचा आबांना फोन. जुना एक्सल परत पाठवून द्या, एका गिऱ्हाइकाच्या ट्रॉलीला घालायचाय. आबा म्हणाले, त्याला चीर आहे. तिकडून काय आलं मला ऐकू आलं नाही. फोन ठेवून आबा म्हणाले, "ठावं हाय म्हणतोय. रंगवला की दिसत न्हाय म्हणं."

पूर्णिमाला समोर बसवून आबांनी सगळं सांगितलं. तो एक्सल राजवीरनंच भरला होता, ते मी सांगितलं. तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "तुमी कवा बघितला, आबा?"

"पंचवीस तारखेला."

ती अंगणात गेली. राजवीरला फोन तिनंच लावला. लग्न होणार नाही म्हणाली, दोनदा, मोठ्यानं.

मग आत येऊन पानं वाढली. आम्ही कुणी बसलो नाही. ती एकटीच जेवली.