पिराचा गूळ

प्रिय बये,

तुला वाचता येत नव्हतं, आणि आता मी वाचून दाखवलं तरी ऐकायला तू नाहीस. तरी लिहायला बसलोय. उद्या आपल्या गुऱ्हाळाची पहिली काहील उतरणार. तू गेल्यानंतरची ही पहिलीच. त्याआधी तुला एक सांगायचंय. रोज देवापुढे मनातल्या मनात सांगतो, पण तेवढ्यानं भागत नाही.

किती मोठं आयुष्य जगलीस गं! माणदेशातल्या कोरड्या गावातून नऊ वर्षांची नवरी होऊन कृष्णाकाठी आलीस. मोटेचं पाणी पाटातून वाहताना बघून म्हणे तू रडायला लागलीस, "आवं, कुनी तरी अडवा की, सगळं वाया चाललंय!" आजी ही गोष्ट सांगायची तेव्हा सगळ्यांत जास्त तूच हसायचीस. पण तांब्यात उरलेलं पाणी म्हातारपणीही तू कधी ओतून दिलं नाहीस, तुळशीलाच घातलंस.

बाबा लवकर गेले. मग उसाच्या लावणीपासून सोयरिकीपर्यंत घरात शब्द तुझाच. रस आटवणारा गुळव्यासुद्धा काहील उतरवायच्या आधी तुझ्याकडे बघायचा. तू वास घ्यायचीस आणि नुसती मान हलवायचीस.

पहिला गूळ देवघरात, आणि त्याच काहिलीतली एक लहान ढेप गावाबाहेरच्या पिराला. ती तू स्वतः डोक्यावर घेऊन अनवाणी जायचीस. तुझी सून एकदा म्हणाली, "आत्याबाई, गड्याला लावून देऊ की." तू केवढ्यांदा म्हणालीस, "का? दूध काय गड्यानं प्यालं व्हतं?"

दूध मी प्यालो होतो. माझ्या जन्माच्या साली प्लेग होता, सारं गाव रानात खोपटी घालून राहिलेलं. तू तापानं बेशुद्ध, मी चार दिवसांचा. शेजारच्या खोपटात पिराच्या मुजावराची बायको अमिनाबी होती. तिनं आपल्या लालाला एका अंगाला घेतलं आणि मला दुसऱ्या. महिनाभर!

एवढं ठाऊक असून गेल्या वर्षी मी काय केलं, बये?

देश मोकळा झाला ते साल. पारावर वर्तमानपत्र मीच वाचून दाखवायचो. उत्तरेकडच्या दंगलींच्या बातम्या ऐकून माणसं तापायची, एकमेकांकडे बघायची. तू मला शाळेत घातलंस ते यासाठी का? तू अंथरुणाला खिळलेली, म्हणून गूळ न्यायचं काम माझ्याकडे आलं. ढेप घेऊन निघालो, तर पारावरून एकजण म्हणाला, "का रं गड्या, यंदा बी पिरालाच का?" हसतच म्हणाला तो. मोठ्यानं बोललासुद्धा नाही! आणि मी, पन्नाशीला टेकलेला माणूस, म्हणालो, "न्हाई, बाजाराला." म्हणालो ते म्हणालोच, ढेप खरोखर बाजारच्या गाडीत ठेवून आलो.

घरी आल्यावर तू विचारलंस, "पोचला का रं गूळ?"

"व्हय बय, पोचला."

तिसऱ्या दिवशी लाला तुला बघायला आला; बापामागं पिराची दिवाबत्ती आता त्याच्याकडेच. तू त्याचा हात धरलास. "लाला, गूळ कसा झालाय रं यंदा?"

लालानं माझ्याकडे बघितलं. मी खाली बघितलं.

"लय ग्वाड झालाय, काकी."

"तुला काय कळतंय! दात कुठं राह्यलेत तुला गूळ फोडायला?"

"चघळला की, काकी. सकाळधरनं चघळतोय."

दोघंही हसलात. तू माझ्याकडे मात्र बघितलं नाहीस. तुला कळलं होतं का गं? कळलं असेल तर बोलली का नाहीस? एरवी कालवणात मीठ जास्त झालं तरी तुझा आवाज अख्ख्या आळीत जायचा! तेव्हा मला दोन शिव्या घातल्या असत्यास तर मी त्याच पावली दुसरी ढेप घेऊन गेलो असतो. तू गप्प राहिलीस आणि महिन्याच्या आत गेलीस.

तुला खांदा द्यायला लाला माझ्या पुढे होता. त्यानंतर वर्षभर आम्ही रोज भेटतो, रामराम घालतो, पाऊसपाण्याचं बोलतो. गुळाचा विषय त्यानं एकदाही काढला नाही. त्यानं माझ्यासाठी मरणाच्या वाटेवरच्या माणसाशी खोटं बोलावं, आणि मी त्याला साधं 'चुकलो' म्हणू नये! हरिपाठ म्हणताना जीभ अडते ती इथंच.

म्हणून उद्याचा शब्द देतो. ढेप माझ्याच डोक्यावर असेल. मळ्यातल्या आडवाटेनं जाणार नाही; भर सकाळी, पारावर माणसं बसलेली असताना, त्यांच्या समोरून जाईन. कुणी विचारलं तर थांबेन आणि अमिनाबीच्या दुधाची गोष्ट पहिल्यापासून सांगेन. मग पुढं जाऊन आधी लालाचे पाय धरीन. पिराला गूळ त्यानंतर.

तुझा लेक,
दादू