‘नीलिमा’ हे नाव पुसण्याबाबत

मी, खाली सही करणारी, रंगाऱ्याची विधवा, डोके ठिकाणावर असताना आणि कोणीही भरीस घातलेले नसताना हे लिहून ठेवते. गुडघे गेले आहेत, स्मरण गेलेले नाही. काहींना याचे वाईट वाटेल.

१. दुकान व वरच्या दोन खोल्या माझ्या एकुलत्या एक मुलीला. अट अशी की, दर्शनी पाटीवरचे ‘नीलिमा’ हे नाव खरवडून काढावे. नुसता वरून हात मारू नये, खालचे पुन्हा डोकावते. टेम्पोवरचे आणि पिशव्यांवरचेही काढावे. मांजरीलासुद्धा यांनी तेच नाव ठेवले होते. तिला नुसते मनी म्हणावे.

२. कारण सांगते. ओला रंग गडद दिसतो, म्हणून कापड वाळल्याशिवाय रंगाला नाव द्यायचे नाही, हा यांचा नियम. एका निळ्याला मात्र कापड निथळत असतानाच नाव देऊन मोकळे झाले. मी विचारले, “ही नीलिमा कोण?”

“रंग आहे गं. तुझं आपलं काहीतरीच.”

लग्नाआधी यांना नकार दिलेली शिक्षिका, हे नणंदेने सांगितले. माझ्या नावाने यांनी साधा करडासुद्धा काढला नाही. माझा जळफळाट झाला, अजून होतो.

३. हौद व काठ्या धाकट्या दिरांना. नणंदेला काही नाही. तिने ते हसत हसत सांगितले होते.

४. त्या निळ्याचा उरलेला तागा शिक्षिकाबाईंना पोचता करावा. रंग कच्चा निघाला, पहिल्याच धुण्यात विटला. एक तुकडा धुऊन वर ठेवावा. सोबत चिठ्ठी नको.

५. बाळंतपणात मी शुद्धीवर येण्याआधीच यांनी दवाखान्यात मुलीचेही तेच नाव सांगून टाकले. माझ्या तोंडून ते कधी निघाले नाही. तिचे केस पिकायला लागले तरी मी छकुलीच म्हणते. पण तिच्यावर माझा राग नाही, जीव आहे. नाव तिच्याकडेच राहावे. बाकी सगळीकडून ते गेले, म्हणजे हाक आल्यावर ओ देणारी ती एकटीच उरेल.

ठिकाण : दुकानामागची खोली
दिनांक : ९ मार्च
सही

साक्षीदार : शेजारचा शिंपी, समोरच्या दवाखान्यातील डॉक्टर

शिंप्याची नोंद : बाईंनी आमच्यासमोर सही केली, पेनाला टोपण लावले आणि आत हाक मारली, “नीलिमा, चहा टाक.”

मुलगी हात पुसत दारात आली. तिने खुर्चीखालच्या मांजरीकडे पाहिले.

“ती काय चहा टाकणार?”

“तुला म्हणतेय,” बाई म्हणाल्या.